कार्बोरेटरचा स्क्रू आणि बरोबर मिश्रणाचा प्रश्न

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून विचारलं, "सर, निवृत्तीनंतर गॅरेज काढलंत की काय?" गॅरेज काढलेलं नाही. पण गॅरेजात उभं राहण्यात आयुष्यातले बरेच रविवार गेले हे खरं. आमच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला अजून फियाटच म्हणतात. आज बोलायचं आहे ते तिच्या कार्बोरेटरवरच्या एका लहानशा स्क्रूबद्दल. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण 'बरोबर' आहे की नाही हे ठरवायचा अधिकार गेल्या सव्वाशे वर्षांत कुणाकुणाकडे होता, आणि तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात का गेला, हा आपला प्रश्न आहे.

कार्बोरेटरची गाडी कधीच न चालवलेली मंडळी आता बहुसंख्य आहेत, तेव्हा आधी यंत्र समजून घेऊ. पेट्रोल द्रवरूपात नीट पेटत नाही. त्याची वाफ किंवा बारीक तुषार हवेत मिसळावे लागतात, आणि तेही ठरावीक प्रमाणात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. वजनात हे पटकन डोळ्यांपुढे येत नाही. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला साधारण नऊ हजार लिटर हवा. एका बाटलीतलं पेट्रोल जाळायला लहानशी खोलीभर हवा लागते असं समजा. हवा याहून कमी पडली तर मिश्रण 'रिच', जास्त झाली तर 'लीन'. गॅरेजात हेच शब्द चालतात, आपणही तेच वापरू.

कार्बोरेटर हे काम कसं करतो? इंजिन श्वास घेतल्यासारखी हवा ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते. गळ्यात तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. ही गोष्ट इटलीच्या व्हेंचुरीनं १७९७ साली पाण्याच्या प्रवाहाबद्दल प्रसिद्ध केली होती, तेव्हा मोटार कुणाच्या स्वप्नातही नव्हती. दाब कमी झाला की शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर येतं आणि हवेत तुषारांसारखं उडतं. इतकंच. पण गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते, गळ्यातून पुरेशी हवा वाहत नाही आणि मुख्य जेट गप्प बसतो. म्हणून चकतीच्या खालच्या अंगाला एक वेगळी बारीक वाट ठेवलेली असते. आपला स्क्रू त्या वाटेवर बसतो. तो फक्त 'स्लो'चं, म्हणजे आयडलिंगचं मिश्रण ठरवतो. हमरस्त्यावर साठच्या वेगानं जाणाऱ्या गाडीचं मायलेज हा स्क्रू पिळून वाढवून देतो म्हणणारे अनेक भेटले. त्यांना आम्ही चहा पाजला आणि नमस्कार केला.

आता इतिहास. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत तुषारांचा कार्बोरेटर नव्हता. इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा न्यायची आणि जी वाफ मिळेल ती इंजिनला द्यायची, एवढीच युक्ती होती. इंधन म्हणजे औषधविक्रेत्याकडे डाग काढायला मिळणारं लिग्रोइन. १८८८ मध्ये बेंझची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रोइन घेतलं, आणि नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेनं ती मोकळी केली असं सांगतात. मोटारीच्या इंधनमार्गात सुई घालणारी पहिली व्यक्ती बहुधा तीच.

१८९३ साली एकाच वर्षात दोन ठिकाणी तुषारांचा कार्बोरेटर पुढे आला. फेब्रुवारीत बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि काही महिन्यांनी जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं. हंगेरीत अशी गोष्ट सांगतात की रस्त्यावर फुलं विकणारी मुलगी तोंडानं फुंकून फुलांवर पाणी उडवत होती, ते पाहून कल्पना सुचली. न्यूटनच्या सफरचंदाइतकीच ही गोष्ट खरी माना. बुडापेस्ट मात्र लक्षात ठेवा. आपल्याला तिथे परत जायचं आहे.

तुषार उडू लागले, पण प्रमाण कोण सांभाळणार? सुरुवातीला चालकानंच. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर खपलेल्या गाडीत, डॅशबोर्डपाशी एक मूठ असे. ती फिरवली की कार्बोरेटरची सुई वर-खाली होई. थंडीत सुरू करताना मिश्रण रिच करायचं, इंजिन तापलं की लीन करत न्यायचं. चढ आला, उतार आला, हात मुठीकडे. म्हणजे 'बरोबर' काय हे क्षणाक्षणाला ठरवणारा माणूस गाडीतच बसलेला होता. इंजिन खोकलं तर त्याला ऐकू येई, आणि पेट्रोलचे पैसेही त्याच्याच खिशातून जात. निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा एकच. निदान त्याला तसं वाटत होतं.

मग चालकाचा हात मोकळा करायची धडपड सुरू झाली. पॅरिसमध्ये पानार कंपनीसाठी आर्थर क्रेब्जनं १९०२ साली आपोआप हवा वाढवणारी झडप केली. इंग्लंडमध्ये हर्बर्ट स्किनरनं अशी रचना काढली की गळाच गरजेप्रमाणे रुंद-अरुंद व्हावा. हे स्किनर घराणं बुटांच्या धंद्यातलं. त्यामुळे त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता! पुढे चामडं जाऊन धातूचा पिस्टन आला आणि 'स्किनर्स युनियन'चं 'एसयू' होऊन ते नाव मॉरिसपासून जॅग्वारपर्यंतच्या इंजिनांवर बसलं. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पेट्रोल महाग झालं, तेव्हा बोलोन्यात एदुआर्दो वेबरनं फियाट गाड्यांवर बसवायचे काटकसरी कार्बोरेटर करायला घेतले. पॅरिसमध्ये सोलेक्स कंपनी त्याच्या आधीपासून होती. आमच्या पद्मिनीवरचा कार्बोरेटर सोलेक्स घडणीचा आहे.

या सगळ्यांनी मिळून एक बदल केला. डॅशबोर्डवरची मूठ गेली, तिच्या जागी चोक तेवढा उरला. मिश्रण ठरवणारा स्क्रू बॉनेटखाली गेला. चालक चालकच राहिला, आणि ठरवण्याचा अधिकार मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री काय करत असे ते थोडं सावकाश सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तिथे आहे. पहिली गोष्ट म्हणजे चांगला मिस्त्री आधी कार्बोरेटरला हातच लावत नाही. प्लगचं अंतर, टॅपेट, इग्निशनचं टायमिंग, एअर फिल्टर हे सगळं आधी. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर मिश्रणाचा स्क्रू फिरवून तुम्ही एक चूक दुसऱ्या चुकीनं झाकता. नंतर इंजिन पुरतं गरम करायचं, चोक पूर्ण उघडा आहे ना पाहायचं. स्क्रू हलक्या हातानं आत शेवटपर्यंत न्यायचा. हलक्या हातानं, कारण टोकाची सुई आवळली की तिला खाच पडते आणि पुढे ती कधीच नीट लागत नाही. तिथून दीड फेरा बाहेर. गाडी सुरू करायची आणि थ्रॉटलच्या दुसऱ्या स्क्रूनं स्लो बसवायचा, मिनिटाला ७०० ते ८०० फेरे.

आता खरं काम. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आत. आमच्या सोलेक्सला आत म्हणजे लीन. काही कार्बोरेटरांना हा स्क्रू पेट्रोलवर नसून हवेवर असतो, तिथे सगळं उलट होतं, आणि स्कूटरवरून मोटारीवर आलेली मुलं इथे हमखास फसतात. आत जाता जाता इंजिन थरथरू लागतं, मधूनच ठोका चुकतो. मग उलट दिशेनं बाहेर. आवाज सुधारतो, भरतो, फेरे वाढतात, आणि आणखी बाहेर गेलं की इंजिन जड होतं, हेलकावे खातं, मागे काळसर धूर. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा असते जिथे आवाज सर्वांत भरीव आणि सलग येतो. तिथे थांबायचं. फेरे वाढलेले असतात, ते थ्रॉटलच्या स्क्रूनं खाली आणायचे, आणि परत एकदा मिश्रण. एसयू कार्बोरेटरची रीत आणखी नजाकतीची. पिस्टन नखानं उचलावा इतका, मिलिमीटरभरसुद्धा नाही, उचलायचा. फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण रिच. इंजिन बंद पडू लागलं तर लीन. क्षणभर किंचित वाढून जागेवर आले तर ठीक. शेवटी गाडी थोडी पळवून आणून प्लग काढून बघायचा. काजळी असेल तर रिच, पांढराफटक तर लीन, फिक्या चहाच्या रंगाचा असेल तर मिस्त्री तो मालकाला दाखवतो आणि काही बोलत नाही.

आमचे मिस्त्री पुण्यात एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये काम करत. त्यांना आम्ही एकदा विचारलं, "थांबायचं कुठे हे तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणाले, "सर, तंबोऱ्याची जवारी लागली हे कसं कळतं?" त्यांचे एक काका मिरजेला तंबोरे करत. घोडीवर तारेखालचा दोरा सरकवत न्यायचा आणि एका जागी तार बोलू लागते. ती जागा मोजपट्टीवर दाखवता येत नाही.

इथे बुडापेस्टला परत जाऊ. बांकी आणि चोंका यांनी पेटंट मागितलं तेव्हा त्याच शहरात दोन वर्षांचा एक मुलगा होता, मायकेल पोलानी. पुढे तो वैद्यकी शिकला, रसायनशास्त्रज्ञ झाला, आणि उतारवयात तत्त्वज्ञ. त्याचं म्हणणं असं, की जेवढं आपण सांगू शकतो त्याहून जास्त आपल्याला कळत असतं. पोहणाऱ्याला पोहण्याचं शास्त्र सांगता येत नाही, पण पोहता येतं. आम्ही वर्गात पोलानी शिकवायचो तेव्हा सायकलचं आणि पोहण्याचं उदाहरण द्यायचो. नंतर मिस्त्रींचं देऊ लागलो. विद्यार्थ्यांना ते जास्त पटे, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्यात एक सुख होतं. यंत्रयुगात माणसाचा कान शिल्लक आहे, हे सांगायला प्राध्यापकाला बरं वाटतं.

ते सुख अर्धवट होतं. आता तेच सांगायचं आहे.

इंजिन सर्वाधिक जोर देतं ते १४.७ च्या प्रमाणावर देत नाही, थोड्या रिच बाजूला देतं, साडेबारा-तेराच्या आसपास. म्हणजे भरीव आवाजाचा पाठलाग करणारा कान आपोआप रिच बाजूला ओढला जातो. पेट्रोल पूर्ण जळायला हवा पुरत नाही, आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या ठिकाणी तो धुरात सहज चार-पाच टक्क्यांवर जातो. या वायूला रंग नाही, वास नाही, आवाज तर नाहीच. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. पावसाळ्यात मिस्त्री शटर अर्धं खाली ओढून आत इंजिन चालू ठेवून तासन् तास काम करत. संध्याकाळी डोकं धरून बसत. आम्ही शेजारी स्टुलावर, आमचंही डोकं दुखे. आम्ही दोघं ते दमटपणावर ढकलायचो आणि चहा मागवायचो. ज्या कानाचं आम्ही वर्गात कौतुक करत होतो, त्या कानाच्या मालकाला तो कान हे एकच सांगू शकत नव्हता.

कानाच्या पलीकडचं पहिल्यांदा दाखवून दिलं ते, गंमत बघा, वासाच्या अभ्यासकानं. कॅलिफोर्नियातले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादावर संशोधन करत होते. लॉस एंजेलिसच्या आकाशातला डोळे झोंबवणारा धूर त्यांनी त्याच पद्धतीनं तपासला आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरणातून येणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. मोटार उत्पादकांनी हे बरीच वर्षं मान्य केलं नाही. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि त्या सुमारास कार्बोरेटरच्या स्क्रूवर प्लास्टिकच्या टोप्या बसू लागल्या. स्क्रू ठरावीक मर्यादेपलीकडे फिरूच नये म्हणून.

त्या काळच्या अमेरिकन गाड्यांची मिश्रण लावायची रीत आम्हाला फार बोलकी वाटते. आधी नेहमीप्रमाणे फेरे सर्वांत जास्त येतील ती जागा शोधा, आणि मग तिथून मुद्दाम लीन बाजूला सरका, मिनिटाला अमुक इतके फेरे कमी होईपर्यंत. म्हणजे कानाला त्याची सर्वोत्तम जागा शोधू द्यायची आणि मग त्याला तिथे राहू द्यायचं नाही.

ॲरिस्टॉटल सांगतो, की मध्य दोन प्रकारचा असतो. दहा आणि दोन यांचा मध्य सहा, हा अंकांचा मध्य. पण पैलवान मिलोला किती खायला द्यावं याचं उत्तर सहा नाही. तिथे 'आपल्या दृष्टीनं' मध्य शोधावा लागतो आणि तो जाणत्या माणसाला कळतो. आम्ही कित्येक वर्षं हे शिकवलं आणि मिस्त्रींना तो जाणता माणूस मानलं. पण ग्रीक वाक्यातला तो 'आपण' कोण? मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. ग्रीकमध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. मिस्त्रींनी आणि आम्ही मिळून शोधलेला मध्य हा 'आम्ही'चा मध्य होता. इंजिन, मालक आणि मिस्त्री. सिग्नलला गाडीच्या मागे उभा असलेला सायकलवाला त्यात नव्हता. आणि शटरखाली डोकं धरून बसलेले खुद्द मिस्त्री, तेही त्यात पुरते नव्हते.

आपल्याकडे हा सायकलवाला कायद्यात आला तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतून. चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात स्लोवर कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांहून जास्त नको, दुचाकी-तीनचाकीला साडेचार. मग पीयूसीची केंद्रं निघाली. त्या दिवसांत आम्ही काय केलं ते लपवण्यात अर्थ नाही. मिस्त्री म्हणायचे, "सर, जरा टाइट करून देतो, सर्टिफिकेट झालं की परत या." ते स्क्रू अर्धा फेरा आत घ्यायचे. गाडी थरथरत केंद्रावर जायची, कागद मिळायचा, आणि आम्ही त्याच वाटेनं शेडवर येऊन स्क्रू पूर्ववत करून घ्यायचो. त्याच आठवड्यात वर्गात कांटचं सार्वत्रिक नियमाचं सूत्र शिकवलेलं असायचं, सगळ्यांनी तसंच वागावं असं ज्याबद्दल म्हणता येईल तसंच वागावं. तेव्हा हा विरोध आमच्या लक्षातही आला नाही. गाडी नीट चालत नाही तर कायदा चुकीचा, इतकं साधं वाटायचं.

आणि त्या वाटण्यात थोडं तथ्यही होतं. घासलेला थ्रॉटल स्पिंडल, गॅस्केटमधून शिरणारी फुकटची हवा, यामुळे आमचं इंजिन लीन बाजूला टिकत नव्हतं. पंधरा वर्षांनी कार्बोरेटर पूर्ण उघडून स्पिंडलची बूश बदलली, तेव्हा तीच गाडी तीन टक्क्यांच्या खूप खाली, न थरथरता, उभी राहिली. म्हणजे कायदा अशक्य काही मागत नव्हता. दुरुस्ती मागत होता. आम्ही दुरुस्तीच्या खर्चाऐवजी स्क्रूचा अर्धा फेरा देत होतो.

पुढचं सगळं भराभर झालं. बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत आला होता. तो धुरातला उरलेला प्राणवायू मोजून इंजिनाला सतत कळवतो. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याला शिसं चालत नाही, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. कार्बोरेटरची जागा इंजेक्शननं घेतली. पद्मिनीचं उत्पादनही त्याच सुमारास थांबलं. ठरवण्याचा अधिकार आता चालकाकडे नाही, मिस्त्रीकडेही नाही. धुराच्या नळीत बसलेल्या चिनीमातीच्या जातीच्या एका तुकड्याकडे आहे. आणि त्याला 'बरोबर' म्हणजे किती हे सांगून ठेवलंय कायद्यानं.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी मात्र आणखी वीसेक वर्षं धावल्या, बहुतेक सीएनजीवर. त्या जुन्या सीएनजी किटमध्ये गॅसच्या नळीवर एक स्क्रू असे, त्याला गॅरेजात पॉवर स्क्रू म्हणत, आणि तोही मिस्त्री कानानंच लावत. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

आमच्या मिस्त्रींची शेड आता त्यांचा मुलगा चालवतो. त्याच्याकडे धुरातले चार वायू मोजणारं यंत्र आहे. गेल्या महिन्यात गाडी नेली, तेव्हा यंत्राची नळी मागच्या धुराच्या पाइपात घालून त्यानं स्क्रू हातात घेतला. वडील खुर्चीवर बसले होते, शटर पूर्ण वर होतं. मुलगा आकडा बघत होता, ते डोळे मिटून ऐकत होते. "बस," ते म्हणाले. यंत्रावर ३.४ होतं. मुलानं आणखी थोडा आत घेतला, २.१ झाला, इंजिन किंचित बारीक बोलू लागलं. वडिलांनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं. "आवाज पडला थोडा," ते म्हणाले. "राहू दे तसाच," आम्ही म्हटलं.

आता प्रश्न घेऊ.